मांगं घेता येते काय?

अकोटला एका भाऊंची जिनिंग होती. दिवाळीपासून होळीपर्यंत कापसाच्या गाड्यांनी आवार भरलेलं असायचं. तेव्हा त्यांना मान वर करायला फुरसत नसे. उन्हाळ्यात आवार रिकामं झालं की मात्र त्यांचं लक्ष उत्तरेकडे जायचं. अकोटहून उत्तरेला सातपुड्याची रांग दिसते. नरनाळा त्याच डोंगरात. त्या डोंगरापलीकडे धारणी, तापी, मग खंडवा, ओंकारेश्वर आणि नर्मदा. हा सगळा रस्ता स्वतःचं घर सोबत घेऊन, वाटेल तिथं मुक्काम करत पाहायचा, असं भाऊंच्या मनानं घेतलं.

वऱ्हाडाला ही हौस जुनीच आहे. बहिरमच्या जत्रेला लोक बैलबंडीत संसार भरून जात, सातपुड्याच्या पायथ्याशी राहुट्या ठोकून राहत, रोडगे भाजत, हंडीत मटण शिजवत. भाऊंच्या आजोबांनी ते दिवस पाहिले होते. भाऊंनी अकोल्याच्या एका वर्कशॉपमधून जीपमागं जोडायची दोन चाकांची खोलीच बनवून घेतली. आत पलंग, ओटा, गॅस, फ्रिज, मागच्या भिंतीला तीनशे लिटरची पाण्याची टाकी, तिच्याशेजारी जनरेटर. आवारात ती उभी राहिली तेव्हा सारा मोहल्ला पाहायला आला.

आवारात आबाजी म्हणून एक म्हातारे होते. उमेदीत धुरकरी, नंतर अनेक वर्षं ट्रॅक्टरवर. त्यांनी खोलीभोवती एक चक्कर मारली, जोडणीचा दांडा हातानं वर उचलून पाहिला. तो सहज उचलला गेला.

"भाऊ, उलार हाये हे. मांगं वझं जास्त झालं."

बंडी उलार झाली की धुरा वर उठते आणि जू बैलांच्या मानेवर बसत नाही. जीपमागच्या खोलीचंही तेच. वजन चाकांच्या मागं गेलं की वेगात तिचं शेपूट झुलू लागतं आणि शेवटी ती ओढणाऱ्या गाडीलाच फिरवते. हे भाऊंना पटलं. टाकी आणि जनरेटर दोन्ही चाकांच्या पुढं आले, दांड्यावर वजन बसलं. आबाजींनी मान डोलावली आणि विचारलं, "आता सांगा, हे मांगं घेता येते काय तुमाले?"

"मांगं कायले घ्या लागते, आबाजी? आमाले तं नर्मदेवर जायचं हाये."

"पुढं कोनीबी नेते, भाऊ. चार रोज आवारात शिका, मंग जा."

भाऊंनी ऐकून घेतलं, पण पोरांच्या सुट्या, आणलेला किराणा, नातेवाइकांना कळवलेला दिवस. चार रोज कुठून काढायचे? दुसऱ्या दिवशी पहाटे ते निघाले. वहिनी शेजारी, पोरं मागच्या सीटवर.

अंजनगाव सुर्जी, परतवाडा, मग घाट. घटांगपर्यंतची चढण जीपनं धापा टाकत पार केली. वैशाखातलं मेळघाट पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की हे जंगल मेलं. सागाला पान नाही, नाले कोरडे, डोंगर उघडे. पण थोडं थांबून पाहिलं की तेंदूपत्त्याचे गठ्ठे डोक्यावर घेऊन चाललेली कोरकू माणसं दिसतात, कुठल्या तरी डोहाकाठी हिरवा झाडोरा दिसतो. भाऊंना थांबायचं होतंच, पण घटांगनंतर सेमाडोहकडं उतार लागला आणि मागची खोली जीपला ढकलू लागली. त्यांनी गिअर खाली टाकला. रस्ता अरुंद होता. मेळघाटात 1974 पासून व्याघ्र प्रकल्प आहे आणि तिथं डोंगर फोडून रस्ता रुंद करणं सहज होण्यासारखं नाही. व्हावंही कशाला? ते वाघाचं आणि तिथं राहणाऱ्यांचं घर आहे.

एका वळणावर समोरून एसटी चढत आली. दोन्ही गाड्या थांबल्या. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. एसटीच्या ड्रायव्हरनं हातानं खूण केली: मागं घ्या, वर जागा आहे.

भाऊंनी आरशात पाहिलं, स्टेअरिंग उजवीकडं फिरवलं. खोलीचं शेपूट डावीकडं गेलं. त्यांनी आणखी फिरवलं, ते आणखी गेलं. तिसऱ्या खेपेला जीप आणि खोली यांचा कोयता झाला आणि खोलीचा कोपरा डोंगरात रुतला. क्लच जळल्याचा वास सुटला. मागं दोन ट्रक येऊन उभे राहिले. रस्ता बंद झाला.

एसटीच्या मागं एक जीप होती. तिच्यात कळा सुरू झालेली एक कोरकू मुलगी, तिची आई आणि आशाताई. अंगावरून रक्त जात होतं, म्हणून तिला पुढं अमरावतीला पाठवलं होतं. धारणी ते अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि अवघडलेल्या बाईला न्यायचा रस्ता हाच. आशाताई धावत आल्या. "दादा, बाजूले घ्या ना लवकर!"

भाऊंना घाम फुटला. हात थरथरत होते, तरी स्टेअरिंग सुटेना. एसटीतून एक कोरकू पोरगा उतरला. उन्हाळ्यात गावागावांत पाण्याचा टँकर नेणाऱ्या ट्रॅक्टरवर तो ड्रायव्हर होता. म्हणाला, "भाऊ, तुम्ही उतरा. मी घेतो."

भाऊ त्याच्याकडं पाहत राहिले. एवढ्या पैशांचं, एवढ्या हौसेचं घर या पोराच्या हातात?

वहिनी म्हणाल्या, "उतरा. ती कोनाची तरी लेक हाये."

भाऊ उतरले.

पोरानं आधी टाकीची तोटी उघडायला सांगितली. चढावर मागं घ्यायचं तर वजन कमी पाहिजे. एसटीतल्या बायकांनी बाटल्या, डबे, जे हाती आलं त्यात ते पाणी भरून घेतलं. वैशाखात मेळघाटात पाणी रस्त्यावर कोण सांडू देईल? जनरेटर चौघांनी उतरवला. एसटी थोडी मागं सरली. पोरानं जीप पुढं घेऊन खोली सरळ केली. मग हात स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला धरला आणि मुंगीच्या चालीनं मागं निघाला. खालून धरलं की हात जिकडं जातो तिकडंच मागचं गाडं जातं. ट्रकही मागं सरकले. रुंद जागा येईपर्यंत तो एकदाही घाबरला नाही, एकदाही वेग वाढवला नाही.

आधी ती जीप गेली, मग एसटी. तोवर तासभर मोडला होता. भाऊ दोन्ही हात जोडून रस्त्याच्या कडेला उभे होते. त्या जीपमधल्या आईनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही.

पोरगा आपली एसटी सोडून त्यांच्यासोबत सेमाडोहला आला, कारण भाऊंच्यानं गाडी चालवणं होईना. संध्याकाळी आशाताईंचा फोन लागला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. वहिनी रडल्या. भाऊंनी पोराला पैसे देऊ केले. त्यानं परतीच्या तिकिटापुरते घेतले, बाकीचे परत केले.

भाऊ त्या साली नर्मदेवर गेले नाहीत. पोरांना त्यांनी एसटीनं कोलकास दाखवलं. त्या पोरानं खोली घटांगच्या पुढं, घाटाच्या पायथ्यापर्यंत आणून दिली आणि तिथून भाऊंनी ती हळूहळू अकोटला नेली. पावसाळाभर जिनिंगच्या रिकाम्या आवारात विटा मांडून ते मागं घ्यायला शिकत होते. आबाजी खाटेवर बसून पाहत. पहिल्या दिवशी भाऊ खाली उतरले, आबाजींच्या पाया पडले. आबाजी एवढंच म्हणाले, "बसा गाडीवर. उन्ह व्हायच्या आंदी दोन फेऱ्या होतात."

घाटातल्या अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, असा आपल्याकडं वाहतुकीचा नियम आहे. मेळघाटात जाल तेव्हा तो पाळा. मागं ट्रॉली, ट्रेलर काही जोडलेलं असेल, तर ते मागं घ्यायला घरच्या आवारात शिकून मगच घाट चढा. समोरून येणाऱ्या गाडीत कोण आहे, हे तुम्हाला काचेतून दिसणार नाही.