‘पाहिले’

ऑक्टोबरातली संध्याकाळ. आठवीतली एक मुलगी माझ्या ओसरीवर बसून इंग्रजी निबंध लिहीत होती, ‘माझा रविवार’. तिने लिहिलं, ‘वी वेअर सीइंग टीव्ही.’ मी सवयीने लाल पेनाने ‘सीइंग’वर काट मारली, वर ‘वॉचिंग’ लिहिलं. तिने वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, “पण सर, सी म्हणजे पाहणे ना? तुम्हीच तर पाठ करून घेतलंय.”

खरं होतं. मावळातल्या मराठी शाळांत मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर इथे परंदवडीत संध्याकाळी चार पोरं येतात, त्यांना शिकवतो. सी म्हणजे पाहणे, हिअर म्हणजे ऐकणे, से म्हणजे म्हणणे: या जोड्या मी पाढ्यांसारख्या म्हणून घेतल्या. पूर्वी आमच्या शाळांत इंग्रजी पाचवीत यायचं, 2000 सालापासून पहिलीत आलं. यत्ता बदलली, जोड्या त्याच राहिल्या.

तिला ‘तसंच असतं’ म्हणून गप्प करता आलं असतं. पूर्वी केलंही असतं. त्या दिवशी मात्र मी विचारलं, “आत्ता काय ऐकू येतंय?”

“गाड्या.” उर्शाच्या टोलनाक्याकडून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची घरघर येत होती. ती रात्रंदिवस येतच असते.

“तू ती ऐकत होतीस का?”

“छे! ती ऐकायची कशाला? येतेच ऐकू.”

उत्तर तिनेच दिलं होतं. हिअर म्हणजे ऐकू येणे, लिसन म्हणजे ऐकणे. तसंच सी म्हणजे मुळात दिसणे. मुद्दाम नजर वळवली की लुक. आणि वॉच? मी समोरच्या खाचराकडे बोट केलं. भात निसवलं होतं, लोंब्या भरत होत्या. “पाखरांची राखण कोण करतं तुमच्यात?”

“आजोबा करायचे,” ती म्हणाली.

“तेच वॉच. पाखरू आलेलं नसतं, पण येईल म्हणून नजर हटवायची नाही. जे हलतं, बदलतं, त्याच्यावर डोळा ठेवून राहायचं. टीव्हीवरचं चित्र हलतं ना?” तिला पटलं. मलाही, बऱ्याच उशिरा.

ती गेल्यावर मी विचार करत बसलो. हे फरक मराठीला परके नाहीतच. उलट आपण ते अधिक उघडपणे दाखवतो. जे आपल्या हातात नसतं तिथे मराठी माणूस ‘मी’ बाजूला ठेवतो आणि ‘मला’वर येतो. मला दिसलं, मला ऐकू आलं, मला आठवलं, मला आवडलं. करणारा कोणी दुसराच. आपल्याला फक्त ते घडलं. इंग्रजीत मात्र या सगळ्यांच्या डोक्यावर ‘आय’ बसलेला. आय सी, आय हिअर, आय रिमेंबर, आय लाइक. कर्ता हलत नाही, म्हणून फरकाचा सगळा भार क्रियापदावर येतो. आमची मुलं तिथे चुकतात ती अक्कल कमी म्हणून नव्हे. आम्ही ‘दिसणे’ची जागा ‘पाहणे’ला देऊन टाकली, म्हणून चुकतात.

दोष कोशांचा म्हणावा, तर तेही खरं नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली आला तो सुमारे चाळीस हजार शब्दांचा. 1857च्या दुसऱ्या आवृत्तीत ते साठ हजारांच्या घरात गेले. त्यानेच सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश मेजर कँडीने 1847मध्ये पुरा केला. ज्यांनी शब्दांमागे अशी वर्षं घातली, ते एका शब्दाला एकच जोडीदार देऊन थांबले नाहीत. जोड्या लावल्या त्या आम्ही मास्तरांनी, फळ्यावर जागा कमी आणि तास पस्तीस मिनिटांचा म्हणून.

उलट बाजूने इंग्रजालाही आपल्याकडे ठेच लागते. काठी मोडते, दोरी तुटते, मडकं फुटतं. इंग्रजीत तिन्ही ‘ब्रेक’ होतात. आपण वस्तूची जात बघून क्रियापद निवडतो, आणि हे आपल्याला कोणी शिकवलेलंही नसतं. ‘दोरी फुटली’ म्हणणाऱ्याला चार वर्षांचं पोरही हसेल. ‘ही सेड मी’वर साहेब हसत असेल तर तो असाच. तिथे तर पोरांची चूक आपल्या भाषेला धरूनच असते: ‘तो मला म्हणाला’ हे मराठीत चोख आहे. इंग्रजीत ‘से’ला फक्त शब्दांशी काम, माणूस समोर बसवायचा तर ‘टेल’, आपलं ‘सांगणे’.

पण नियम हाती लागला असं वाटेपर्यंत भाषा तो मोडते. हेतू नसेल तर हिअर, असेल तर लिसन, एवढं सरळ असतं तर कोर्टातल्या सुनावणीला इंग्रजीत ‘हिअरिंग’ का म्हणाले असते? तिथे ‘हिअर’ म्हणजे समोरच्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणे. आणि आपली ‘सुनावणी’? ती तर ‘सुनावणे’च्या शेजारी बसलेली, आणि चार शब्द सुनावणे म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. मावळात जमिनी रस्त्याला गेल्या, कारखान्यांना गेल्या. सुनावणीहून परतलेल्या म्हाताऱ्यांना ‘काय झालं?’ विचारलं की उत्तर यायचं, “ऐकलं बाबा त्यांनी.” त्या ‘ऐकलं’चा अर्थ आवाजावरून ओळखायचा. 9 ऑगस्ट 2011 रोजी पवना धरणाच्या बंद जलवाहिनीला विरोध करणारे शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. त्यांचं म्हणणं कोणाला ऐकू आलं नव्हतं असं नाही. ऐकू येणं आणि ऐकणं यांच्यात केवढं अंतर असू शकतं, ते त्या दिवशी तालुक्याला कळलं.

दुसऱ्याकडे बोट दाखवणं सोपं असतं. मी शाळेत साठ-साठ वह्यांचा गठ्ठा तपासायचो. पानाच्या तळाशी लाल शाईत सही, तारीख आणि शेरा: ‘पाहिले’. वरचे अधिकारी त्याच गठ्ठ्यावर इंग्रजीत ‘सीन’ लिहून जायचे. आता वाटतं, त्यांचा शेरा प्रामाणिक होता. सीन, म्हणजे वही डोळ्यांखालून गेली, दिसली. ‘पाहिले’ लिहिणारा मी मात्र खोटं लिहीत होतो.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी पुन्हा आली. मी तिची वही मागून घेतली. आदल्या दिवशी एका शब्दावर काट मारून मी थांबलो होतो, निबंध वाचलाच नव्हता. मोडक्यातोडक्या इंग्रजीत पुढे लिहिलं होतं, की आजोबा आजारी आहेत, आतल्या खोलीत झोपून असतात, म्हणून टीव्हीचा आवाज बंद ठेवून आम्ही नुसती चित्रं बघितली.

‘आजोबा करायचे.’ तो ‘करायचे’ मला काल ऐकू आला होता. मी तो ऐकला नव्हता.

आणखी तीन चुका दिसत होत्या. मी पेनाला टोपण लावलं आणि विचारलं, “आजोबा कसे आहेत गं आता?”