लंगरच्या सेवेला जाताना

शंका : राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी आम्ही विद्यार्थी नांदेडला जाणार आहोत. तिथल्या गुरुद्वाऱ्यात एक दिवस लंगरचा स्वयंपाक करावा, असा विचार आहे. आमच्यात हिंदू, बौद्ध, मुस्लिम असे सगळे आहेत. शीख नसलेल्यांच्या हातचे तिथे चालते का? पाळी चालू असलेल्या मुलींनी काय करावे?
— एक विद्यार्थिनी, लातूर

समाधान : चालते. गुरू नानकांनी रुजवलेल्या लंगरचा हेतूच मुळी जात, धर्म आणि शिवाशिव यांच्या भिंती पाडण्याचा आहे. तिसरे गुरू अमरदास यांचा दंडक होता की भेटीला येणाऱ्याने आधी पंगतीत बसून जेवावे. बादशहा अकबरही गोइंदवालला असाच पंगतीत बसला, असे शीख परंपरा सांगते. जिथे कोणीही कोणाच्याही शेजारी बसून जेवतो, तिथे रांधणाऱ्याची जात कोण विचारणार?

पाळीचा विटाळ शीख विचाराला मान्य नाही. सुतक मानायचेच ठरवले तर ते शेणात आणि लाकडातही निघेल, कारण तिथेही जीव जन्मतात, असा रोकडा युक्तिवाद गुरू नानकांनी ‘आसा दी वार’ या रचनेत केला आहे. दुसरे गुरू अंगद यांच्या पत्नी माता खीवी यांनी सांभाळलेल्या लंगरचा गौरव खुद्द गुरू ग्रंथसाहिबात आहे. तेव्हा मुलींनी निःशंक मनाने कणीक मळावी.

नियम आहेत ते सर्वांना सारखे. डोके रुमालाने किंवा ओढणीने झाका, पादत्राणे बाहेर ठेवा, हात धुऊन आत जा. तंबाखू, सिगारेट खिशातसुद्धा नको. लंगरचे अन्न शाकाहारी असते. अरदास, म्हणजे प्रार्थना, होण्याआधी ते चाखू नका. माथा टेकणे ज्याच्या श्रद्धेत बसत नाही, त्याने आदराने उभे राहावे. सक्ती कोणी करत नाही.

शंका : या कामाचे तास आमच्या नोंदवहीत लिहिले जातील. मग ही सेवा म्हणायची का? आणि सगळ्यांना स्वयंपाकच करायचा आहे, पण भांडी घासायला लावली तर?

समाधान : योजनेत वर्षाला १२० तास काम अपेक्षित असते. त्याची नोंद ठेवण्यात गैर काही नाही. तास तुम्हाला गुरुद्वाऱ्याच्या दारापर्यंत आणतील. आत शिरल्यावर मात्र काम निवडण्याचा हट्ट सोडा. तव्यावर परशादे, म्हणजे पोळ्या, भाजणारा आणि खरकटी ताटे घासणारा यांत लंगर फरक करत नाही. तो फरक आपल्या मनात असतो, आणि तो जावा म्हणूनच ही सेवा आहे. ‘आम्ही स्वयंपाक करून देतो’ या भावनेत, नकळत का होईना, दात्याचा तोरा येतो. फोटोची घाई हीदेखील त्याचीच खूण. जेवणाऱ्यांच्या तोंडासमोर मोबाइल धरू नका.

माझा आग्रह एकच. सेवेला लागण्याआधी सगळ्यांनी पंगतीत बसून जेवा. परशादा दोन्ही हात पुढे करून घ्या, शेजारी कोण बसले आहे याची चौकशी करू नका, ताटात काही टाकू नका. घेणारा हात कसा असतो हे आधी कळले, तरच वाढणारा हात नम्र राहतो. जेवून उठल्यावर सेवादारांकडे जा, आणि ते सांगतील ते काम करा.