म्हातारी मांजर आणि आपली जबाबदारी

वय झालेली मांजर घर घाण करू लागली की तिला पिशवीत घालून मासळीबाजारात सोडून येणारे सभ्य लोक आपल्यातही आहेत. मांजरीला बांधून उपाशी मारल्याबद्दल एका स्त्रीला शिक्षा झाल्याची हदीस (बुखारी, मुस्लिम) त्यांना ठाऊक असते. 'आम्ही बांधले कुठे? मोकळे सोडले,' असे ते म्हणतात. परंतु त्या हदीसमध्ये सोडण्याला अर्थ आहे तो यासाठी, की सुटलेली मांजर जमिनीवरचे किडे खाऊन जगली असती. जिचे दात पडले, दृष्टी गेली, तिला बाजारात सोडणे हे बांधणेच होय.

ह. अबू कतादा (रजि.) यांनी वुजूच्या पाण्याचे भांडे मांजरीसाठी तिरपे केले आणि ती तुमच्याभोवती वावरणाऱ्यांपैकी आहे, असे प्रेषितांनी (स.) म्हटल्याचे सांगितले. मग वावरणे थांबले म्हणून नाते कसे तुटते?

आणि मुलांच्या रडण्याला हसू नका. ह. अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाचा पक्षी मेला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्या उदास बालकाची आपुलकीने विचारपूस केली होती. मांजर गेल्यावर तिला कचराकुंडीत न टाकता मुलांसमोर मातीत पुरावे. तिची जनाजाची नमाज नसते, हेही त्यांना तेव्हाच समजावता येईल.