शून्याआधीचे दहा

आर्यभटाने शून्याचा शोध लावला असेल, तर त्याआधी रावणाची दहा तोंडे आणि शंभर कौरव मोजले कोणी, असा खोचक प्रश्न समाजमाध्यमांवर नेमाने फिरत असतो. त्यावर चिडून दिलेली उत्तरे तर अधिकच गोंधळाची असतात, कारण मोजायला शून्य लागते हे दोन्ही पक्ष मुकाट्याने मान्य करून बसतात. मोजायला शून्य लागत नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखात यज्ञांच्या दक्षिणेचे हिशेब कोरलेले आहेत. त्यांतील गाई आणि कार्षापण नाणी यांचे आकडे हजारांच्या घरात जातात, तरी तेथे शून्याचा पत्ता नाही, कारण त्या काळच्या अंकलेखनात दहा, शंभर आणि हजार यांना स्वतंत्र चिन्हे होती, आणि चार हजार लिहायचे झाल्यास हजाराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडले की भागत असे.

स्थानमूल्य, म्हणजे अंकाची किंमत त्याच्या जागेवरून ठरवण्याची रीत, रुळल्यावर रिकामी जागा दाखवणारी खूण सोयीची ठरली. अशी खूण बॅबिलोनच्या लेखनिकांनी ख्रिस्तपूर्व काळातच वापरली, मायांनीही स्वतंत्रपणे शोधली. आर्यभटाला स्थानमूल्याची जाण होती, परंतु ४९९च्या ‘आर्यभटीया’त त्याने संख्या अक्षरांनी लिहिल्या, शून्याचे चिन्ह तेथे सापडत नाही. बख्शाली हस्तलिखितात शून्यासाठी येणारे टिंब कोणत्या शतकातले यावर वाद आहे, तर शून्य दाखवणारे कंबोडियातील ६८३चा आणि ग्वाल्हेरचा ८७६चा शिलालेख पक्क्या तारखांचे आहेत. पहिले टिंब कोणाचे, या शर्यतीवर देशाभिमान पणाला लावण्यात मात्र फारसे शहाणपण नाही, कारण रिकाम्या जागेची खूण ही लेखनाची सोय असते. तिच्यामुळे गणित बदलत नाही.

गणित बदलले ते ६२८ मध्ये, भिल्लमाळच्या ब्रह्मगुप्ताने लिहिलेल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त. धन म्हणजे शिल्लक आणि ऋण म्हणजे देणे, असे संख्यांचे दोन पक्ष मांडून त्याने सांगितले की सारखेच धन आणि ऋण एकत्र आले की शून्य उरते, शून्यातून ऋण वजा केले की धन मिळते आणि शून्याने कशालाही गुणले तरी शून्यच येते. येथे शून्य ही जागा राखणारी खूण राहत नाही. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, वर्ग हे सारे जिच्यावर चालावे अशी ती संख्या होते. शून्याला शून्याने भागल्यास शून्य येते, हेही त्याने बेधडक लिहिले. आजच्या गणितात तो भागाकार अर्थहीन आहे, म्हणून गौरवग्रंथ हे वाक्य गाळतात आणि टीकाकार तेवढेच उचलून धरतात. दोघांच्याही ध्यानात येत नाही की ही चूक त्याच्या कामगिरीचा भक्कम पुरावा आहे: नुसत्या खुणेला भागण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, तो संख्येबाबतच उद्भवतो. इतर संख्येला शून्याने भागल्यावर काय येते, हे मात्र त्याने ठरवले नाही. शून्य छेदात तसेच ठेवून दिले.

पुढे अल्-ख्वारिझ्मी आणि फिबोनाची यांच्या हातून शून्यासह हे भारतीय अंक पश्चिमेकडे गेले, तो प्रवास सर्वश्रुत आहे. इकडे छेदातल्या त्या शून्याचा पाठपुरावा बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी केला. शून्य छेदात असलेल्या राशीला ‘खहर’ म्हणून, तिच्यात काहीही मिळवले वा काढले तरी ती बदलत नाही, असे त्यांनी मानले. ‘लीलावती’त तर त्यांनी चक्क उदाहरणच घातले: एका संख्येला शून्याने गुणून, त्यात त्याचेच अर्धे मिळवून, तिप्पट करून, शून्यानेच भागले असता ६३ येतात, तर ती संख्या कोणती? पुढे भागायचे आहे म्हणून शून्याने गुणलेली राशी लगेच पुसून टाकू नये, हा त्यांचा नियम, आणि त्याप्रमाणे उत्तर येते १४.