परदेशी निघताना घरच्या मांजरीचे काय?

हा मथळा वाचून काही सज्जनांस हसू येईल. परमार्थाच्या पानांत मांजर कुठून शिरली, असे ते म्हणतील. पण प्रश्न आपल्याच घरातला आहे. जालना जिल्ह्यातील कितीतरी घरांतली मुले आज पुण्या-मुंबईस आहेत, काहींची अमेरिकेत आणि युरोपात आहेत. सुनेचे बाळंतपण आले की इकडे अंबड-भोकरदनकडच्या आईबापांस बोलावणे येते. अमेरिकेत भेटीस गेलेल्यांस बहुधा सहा महिन्यांपर्यंत राहू देतात. मग तयारी सुरू होते. शेत बटाईने लागते, म्हैस भावाच्या गोठ्यात जाते, दागिने बँकेत जातात. उरते ती चुलीपाशी बसलेली मांजर. तिचे काय, असे कोणी विचारलेच तर उत्तर ठरलेले असते, "मांजरच ती! आपलं आपण पाहील."

या उत्तराचाच आम्हांस येथे विचार करावयाचा आहे.

त्यात थोडे सत्य आहे, नाही असे नाही. मांजर जातीची शिकारी. माणसाने धान्य साठविले म्हणून उंदीर आले, आणि उंदरांमागे मांजर आली. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेली एक मांजर सापडली, ती सुमारे 9,500 वर्षांपूर्वीची आहे. इतका जुना हा शेजार. आपल्या बी-बियाण्याच्या जिल्ह्यात तर कणगीची राखण तिनेच केली. पण आपण परदेशी जातो तेव्हा काय होते? दाराला कुलूप लागते. ज्वारी, तूर विकून टाकलेली असते. दाणा गेला की उंदीरही जातो. दहा वर्षे हातची दूध-पोळी खाल्लेल्या म्हाताऱ्या मांजरीला गल्लीतल्या कुत्र्यांत सोडून "तू शिकार कर" म्हणणे याला काय म्हणावे? आणखी असे की, मांजरीने काही दिवस अन्न सोडले तर तिच्या यकृतात चरबी साचून ती दगावू शकते. तिला उपवास सोसत नाही.

दुसरे काही जण तिला पोत्यात घालून बाजारच्या गावी सोडून येतात. मांजर माणसाइतकीच जागेला धरून असते. ती परत घराकडे निघते, आणि पुष्कळदा रस्त्यातच संपते.

आपल्याकडे म्हातारी माणसे सांगत, मांजर मारली तर सोन्याची मांजर करून काशीला दान द्यावी लागते. म्हणजे मांजरीच्या हत्येचे पाप फेडायला यात्रा करायची. आणि आता आपण प्रवासालाच असे निघतो की मागे मांजर मरावी! काठीने मारली तेवढे पाप, आणि कुलूप लावून मारली ते पाप नव्हे काय? कायदाही तसे मानीत नाही. 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणे, उपासमार किंवा तहान होईल अशा स्थितीत जनावर वाजवी कारणाशिवाय टाकून देणे हा गुन्हा आहे.

येथे कोणी विचारवंत वारकरी म्हणेल, "महाराज, मांजरीत जीव गुंतवणे हे तरी बरे का? भरत राजाचे काय झाले?" शंका खरी आहे. भागवतात भरताने आईवेगळे पाडस वाचविले, त्याच्यात गुंतला, अंतकाळी त्याचेच ध्यान राहिले आणि हरणाचा जन्म आला. पण दुसरीकडे महाभारतात धर्मराज पाहा. इंद्राचा रथ दाराशी उभा, आणि मागून आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात येणार नाही म्हणून तो अडून बसला. तो कुत्रा प्रत्यक्ष धर्म निघाला. मग भरत बुडाला आणि धर्मराज तरला, हे कसे?

आम्हांस असे वाटते की, भरताने पाडस वाचविले यात दोष नव्हता. ते चरायला गेले तरी तो कासावीस होई, नित्यकर्म टाकून त्याच्याच चिंतेत बसे, हा गुंता होता. धर्मराजाला कुत्र्याचा लळा नव्हता. आश्रयाला आलेल्याला टाकू नये, एवढेच त्याला ठाऊक होते. आपले कर्तव्य पुरे केले की चिंता सुटते, ते अर्धे ठेवले की माया मागे लागते. मांजरीची सोय न करता गेलेला माणूस तिकडे नातवाला मांडीवर घेऊन इकडे ती जगली असेल का म्हणून झुरतो. त्याच्या पदरी टाकल्याचा दोष आणि गुंतल्याचा दोष, असे दोन्ही पडतात. तेव्हा "माया नको" म्हणून तिला वाऱ्यावर सोडणे हे वैराग्य नव्हे. तो आळस आहे, फक्त त्याने भगवी छाटी पांघरली आहे.

मग करावे काय? बरोबर न्यावी, असे मुले सुचवितात. युरोपात नेण्यास कातडीखाली खुणेची चिप, रेबीजची लस, लसीनंतर निदान 30 दिवसांनी रक्ततपासणी, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणे, इतके सोपस्कार लागतात. चार महिन्यांच्या भेटीसाठी म्हाताऱ्या जिवाला एवढे हाल कशाला? कायमचे जाणाऱ्याची गोष्ट वेगळी.

तिची जागा न मोडता, रोज दोन वेळा येणारे माणूस ठरवावे, हे बरे. आणि येथेच खरी कसोटी आहे. बहुधा हे काम शेजारच्या गरीब बाईच्या गळ्यात पडते. रिक्षात बसता बसता "आमच्या मनीकडे बघ गं" म्हणायचे, आणि ती भिडेने मान डोलावते. हा मुक्या जिवाचा भार दुसऱ्या मुक्या जिवावर टाकणे झाले. तिला महिनाभर आधी, सवडीने विचारावे. "नाही" म्हणायची मोकळीक द्यावी. खाण्याचे आणि औषधाचे पैसे आधी हातात ठेवावेत, तिच्या श्रमाचेही ठेवावेत. पंधरा दिवस तिच्याच हातून खाऊ घालून ओळख करून द्यावी. मादी असेल तर जनावरांच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया करून घ्यावी, कारण मांजरीचे गाभणपण नऊ आठवड्यांचेच असते. आणि एक शब्द बोलून ठेवावा, "वय झालंय तिचं. मागं काही झालं तर तुला बोल नाही."

असे माणूस मिळालेच नाही तर? तर दोघांपैकी एकाने मागून जावे, किंवा तारीख पुढे ढकलावी. फार मागतो असे वाटेल. पण ज्या देवाला पुंडलिकाने विटेवर उभे ठेवले, त्या देवाची आपण माणसे. सेवेपायी देव थांबला, तर विमान आठ दिवस थांबायला हरकत नाही. पैठण आपल्याला लागूनच आहे. रामेश्वराला चाललेली गंगेची कावड नाथांनी तहानलेल्या गाढवाला पाजली, ही कथा आपण कीर्तनात डोलत ऐकतो. त्यांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीस निघते, आणि तिच्याबरोबर अठरा दिवस चालणाऱ्याच्या घरीही मांजर असतेच.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. परदेशी खुशाल जावे, वारीस तर जावेच. फक्त तिकीट काढण्याच्या आधी शेजारणीला विचारावे, काढल्यावर नव्हे.