तोंडचं फॅट

केंदूरच्या एका घरातल्या कॉम्प्युटरमध्ये काकींच्या बचत गटाचा सगळा हिशेब होता. मशीन सुरू होईपर्यंत गाईची धार काढून व्हायची. पुतण्या पाबळच्या विज्ञान आश्रमात शिकलेला. कलबाग सरांनी १९८३ साली काढलेली ही जागा, हातानं करून शिकायची. त्यानं निदान केलं: जुनी हार्ड डिस्क काढायची, एसएसडी टाकायची. निदान बरोबरच होतं.

त्यानं ऑनलाइन मागवली. दोन टीबी, बाराशे रुपयांत.

"बघा की काकी, दोन टीबी दावतंय."

"कोण दावतंय?"

"एसएसडीच."

"डेअरीवर आपल्या दुधाला फॅट किती, हे आपल्याला विचारत्यात का रे? मशिनवर लावत्यात."

पोरगं वरमलं. रात्री डिस्क काठोकाठ भरून परत वाचणारा एक प्रोग्राम लावला. सकाळी निकाल आला: सुरुवातीचे साठेक जीबी तेवढे धड, पुढं सगळा कचरा. आतल्या कंट्रोलरला खोटा आकडा सांगायला शिकवलेलं होतं. खरी जागा संपली की नवं लिखाण धड साठतच नाही, तरी मशीन 'कॉपी झालं' म्हणतं. फायलींची नावं दिसतात, उघडत मात्र नाहीत. सरळ बंद पडणारी डिस्क यापेक्षा परवडली.

डबी परत गेली. पुतण्या पुण्यात तपकीर गल्लीत उभा राहिला. दुकानदार सेकंदाला सात हजार एमबीच्या गोष्टी सांगत होता. या जुन्या मशीनला साटा जोडणी, तिथं साडेपाचशेच्या वर काही जात नाही. यानं विचारलं ते वेगळंच: वॉरंटी तीन वर्षं की पाच, आणि किती लिखाणापर्यंत? पाचशे जीबीच्या एका नावाजलेल्या डिस्कवर पाच वर्षं किंवा तीनशे टीबी लिहिलेलं होतं. म्हणजे रोज १६४ जीबी. घरात त्याच्या दहाव्या हिश्शाइतकंही लिहून होत नाही. पक्कं बिल घेतलं, सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर तिथंच ताडून पाहिला.

घरी आल्यावर तीही रात्रभर भरून पाहिली. पास झाली.

मग त्यानंच हसत हसत सांगितलं, की २०१९ मध्ये एचपीईसारख्या मोठ्या कंपनीनं जाहीर केलं होतं: सर्व्हरच्या काही एसएसडी फर्मवेअरच्या चुकीनं बरोबर ३२,७६८ तास चालल्या की कायमच्या बंद पडतात. पावणेचार वर्षांत, आतल्या माहितीसकट.

काकी हसल्या नाहीत. काढलेली जुनी हार्ड डिस्क बाहेरून जोडायच्या केसमध्ये घालायला लावली आणि दर बैठकीनंतर हिशेबाची नक्कल तिच्यावर उतरवायचं ठरलं. हातानं लिहायची वहीही बंद केली नाही. केसचे पैसे गटानं द्यायचे की घरानं, यावरून मात्र पुढच्या बैठकीत बायकांची चांगलीच जुंपली.