वीजबिलात न येणारा आकार

मुळशीचं पाणी मूळचं पूर्वेचं. मुळा-मुठा, भीमा, कृष्णा असं करत त्याने बंगालच्या उपसागराला मिळायचं. १९२७पासून मात्र टाटांच्या मुळशी धरणात अडवून ते सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेलं जातं, सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरतं आणि कुंडलिकेवाटे अरबी समुद्राला मिळतं. नदीला डोंगरापार नेण्याची ताकद मुंबईच्या गिरण्यांच्या मागणीत होती. दूर बंगालमधून येणाऱ्या कोळशापेक्षा घाटमाथ्यावरचा पाऊस स्वस्त पडत होता.

तो कोणाच्या जिवावर स्वस्त पडला, हे जमीन बुडणार असलेल्या मुळशीच्या मावळ्यांनी १९२१च्या रामनवमीला धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू करून सांगितलं. सेनापती बापट त्यांचे नेते झाले, ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा झाली. पण सरकारकडे भूसंपादनाचा कायदा होता, टाटांकडे भांडवल. शिवाय बरीच जमीन पुण्याच्या सावकारांकडे अडकलेली. त्यांना चांगला मोबदला मिळाला की पुरे होतं. जमीन कसणारा एकटा पडला आणि १९२४पर्यंत लढा ओसरला.

एका पावसाळ्यात धरणाकाठच्या ओळखीच्या घरी गेलो होतो. लाईट कालपासून नव्हती. घरातली पोरं मोबाइल चार्ज करायला रिसॉर्टवर गेली होती. तिथे जनरेटर धडधडत होता. “धरण उशाला अन् कोरड घशाला,” आजोबा म्हणाले, “तसंच लाईटचं बी.”

घरी मी बिल नीट वाचतो. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, वीज शुल्क. दिवे बदलले, पंखे बदलले, युनिटं कमी झाली. ही काटकसर हवीच. पण वीज किती जाळायची एवढंच माझ्या हातात आहे. ती कुठून आणायची आणि कोणाला उठवून, हे बटणापासून फार लांब ठरतं. पाण्याखाली गेलेल्या भातखाचरांचा आकार बिलात येत नाही, म्हणून वीज स्वस्त दिसते, आणि स्वस्त दिसते म्हणून सढळ हाताने वापरली जाते.

आता सूर्याची वीज साठवायला सह्याद्रीत उदंचन प्रकल्प येऊ घातले आहेत. दिवसा पाणी वर चढवायचं, रात्री खाली सोडायचं. साठवण लागणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. गिरण्यांच्या धुराड्यांपुढे मुळशीची वीजही स्वच्छच होती. म्हणून प्रकल्प हिरवा आहे का, एवढं विचारून भागणार नाही. काठावरच्या गावाचा पाण्यावर आणि विजेवर पहिला हक्क करारात लिहिला आहे का, हे आधी विचारावं लागेल; आणि त्यामुळे युनिट महागलं तर वाढीव बिल आपण शहरवाल्यांनी कुरकुर न करता भरावं लागेल.